बंगलोरचे पिंप आणि मॉरिशसचा हिवताप

इ. स. १८८३ मध्ये बंगलोरच्या लष्करी छावणीत एक सव्वीस वर्षांचा इंग्रज डॉक्टर हंगामी गॅरिसन सर्जन म्हणून बदलून आला. अल्मोड्यास जन्मलेला, दोनच वर्षांपूर्वी इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झालेला आणि वैद्यकापेक्षा काव्य, संगीत व गणित यांत अधिक रमणारा हा तरुण म्हणजे रोनाल्ड रॉस. बंगलोरची हवा त्यास मानवली, बंगलाही पसंत पडला. परंतु डासांनी मात्र त्याला सळो की पळो करून सोडले. आपल्याच खोलीत ते इतके का, याचा शोध घेता त्यास खिडकीबाहेर ठेवलेले पाण्याचे एक पिंप दिसले. आत डोकावतो तो पाण्यात असंख्य अळ्या वळवळत होत्या. त्याने पिंप उपडे करविले आणि थोड्याच दिवसांत खोलीतील डास जवळजवळ नाहीसे झाले.

येथवरची हकिगत कोणाही चौकस माणसाच्या आयुष्यात घडण्यासारखी आहे. खरी मौज पुढेच आहे. मेसच्या बागेतील टोपांत, जेवणाच्या मेजाच्या पायांखाली मुंग्यांसाठी ठेवलेल्या डब्यांत, इतकेच नव्हे तर फुलदाण्यांतही हाच प्रकार चालला आहे, ते सारे पाणी ओतून टाकावे, असे रॉसने तेथील अॅडज्युटंटला सुचविले. त्या गृहस्थाने ही सूचना तिरस्काराने झिडकारली. डास हे परमेश्वराने काही हेतूने निर्माण केले असतील, सृष्टिक्रमात ढवळाढवळ करणे बरे नव्हे, त्यांना सोसणे हेच आपले कर्तव्य, असा त्याचा अभिप्राय पडला. रॉसने १९२३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत हा प्रसंग सांगितला आहे. आपल्यापैकी ज्यांची हयात कचेऱ्यांत आणि बदल्यांत गेली, त्यांना हा अॅडज्युटंट परका वाटू नये. फरक इतकाच, की आपल्या ओळखीचे अॅडज्युटंट परमेश्वराऐवजी नियमावलीचा हवाला देतात.

डासांचा हिवतापाशी काही संबंध असेल, हे तेव्हा रॉसच्या स्वप्नीही नव्हते. हिवताप दलदलीच्या दूषित हवेतून येतो, हीच सार्वत्रिक समजूत होती. 'मलेरिया' या शब्दाचा अर्थही वाईट हवा असाच आहे. अकरा वर्षांनंतर लंडनमध्ये पॅट्रिक मॅन्सन याने त्याच्या मनात डासांची शंका पेरली. १८९५ मध्ये तो हिंदुस्थानात परतला आणि सिकंदराबादेस सूक्ष्मदर्शक घेऊन बसला. तोच सप्टेंबरात बंगलोरला कॉलऱ्याची साथ उद्भवल्यामुळे त्यास तिकडे धाडण्यात आले. संशोधन बाजूला पडले आणि गटारे, विहिरी व वस्त्यांची घाण यांतच बराच काळ गेला. या खोळंब्याबद्दल तो पुष्कळ कुरकुरला आहे. तथापि माझ्या मते बंगलोरचा हा काळ वाया गेला नाही. रोग घालवावयाचा तर औषधाच्या बाटलीइतकेच फावड्याचेही काम आहे, हा त्याच्या पुढील साऱ्या विचारांचा गाभा याच गल्ल्यांत तयार झाला असावा.

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेस, ठिपकेदार पंखांच्या एका डासाच्या जठरभित्तीत त्यास हिवतापाच्या जंतूंच्या पुटिका आढळल्या. पुढल्या वर्षी कलकत्त्यास पक्ष्यांच्या हिवतापावर प्रयोग करून त्याने जंतूचा डासातील संपूर्ण प्रवास उलगडला, आणि १९०२ मध्ये त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. ही कथा शाळेच्या पुस्तकांतून सर्वांना परिचित आहे. तिचा पुढचा भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही, आणि आम्हा मराठी माणसांचा संबंध येतो तो त्या भागाशी. तो घडला हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर.

हे बेट १८१० मध्ये इंग्रजांनी फ्रेंचांकडून घेतले. गुलामगिरी बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर मिळेनात, म्हणून १८३४ पासून हिंदुस्थानातून कराराने माणसे नेण्यास प्रारंभ झाला. 'अॅग्रीमेंट'चे 'गिरमिट' झाले आणि ही माणसे गिरमिटिये ठरली. पुढील सुमारे नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे तेथे उतरली. बहुसंख्य बिहार व संयुक्त प्रांतांतील भोजपुरी, त्याखालोखाल मद्रासेकडील तमिळ व तेलुगू. आणि मुंबई बंदरातून गेलेली, विशेषतः रत्नागिरीकडील, मराठी माणसे. यांचे वंशज आजही ब्लॅक रिव्हर आणि प्लेन विल्हेम्स या भागांत आहेत. कोकणातील जाखडी त्यांनी टिकविली आणि गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते.

हे लोक गेले तेव्हा मॉरिशसला हिवताप नव्हता. किंबहुना ते बेट आरोग्यासाठी इतके नावाजलेले होते, की कंपनी सरकारच्या हिंदुस्थानातील नोकरीत प्रकृती खालावलेले अधिकारी रजा काढून आगबोटीने वा शिडाच्या जहाजाने तेथे हवापालटास जात. बेटाला भय वाटे ते कॉलऱ्याचे. त्यासाठी फ्लॅट बेट व कॅनोनिए येथे क्वारंटाइनची ठाणी होती. १८५६ साली कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांतील उतारूंना कॉलऱ्याच्या धास्तीने गॅब्रिएल नावाच्या उजाड बेटावर उतरविण्यात आले आणि त्यांतील शेकडो तेथेच मेले. एवढा कडेकोट पहारा असूनही ज्या शत्रूने बेट उद्ध्वस्त केले, तो क्वारंटाइनच्या अधिकाऱ्यांना दिसलाच नाही. १८६६ मध्ये पश्चिम किनाऱ्याकडे तापाची कुरबूर सुरू झाली. १८६७ या एकाच वर्षात, साडेतीन लाखांच्या आत वस्ती असलेल्या त्या बेटावर, तापाने तीस हजारांहून अधिक बळी घेतले. सर्वाधिक संहार पोर्ट लुई या राजधानीच्या बंदरात झाला. ज्यांना शक्य होते ते तेथून उठले आणि नुकत्याच सुरू झालेल्या आगगाडीच्या आधाराने क्यूरपीपसारख्या उंचावरील थंड गावी जाऊन राहिले. बंगलोरला १८९८ च्या प्लेगनंतर मल्लेश्वरम् व बसवनगुडी या वसाहती उभ्या राहिल्या, त्याची येथे आठवण होते. मळ्यांवरचा गिरमिटिया मात्र कोठे जाणार? तो होता तेथेच राहिला, आणि हिवतापही त्याच्यासोबत राहिला.

आता प्रश्न असा, की हा ताप आणला कोणी? तत्कालीन बेटवासी गोऱ्यांनी व वृत्तपत्रांनी त्याचे उत्तर तत्काळ दिले: हिंदी मजुरांनी. पुढे पुष्कळ ग्रंथांतून हेच उत्तर उतरत गेले. त्यात सत्याचा अंश आहे, हे आपण मोकळेपणाने मान्य करावे. हिवतापाचा जंतू माणसाच्या रक्तातून प्रवास करतो आणि हिंदुस्थानातून जाणाऱ्या हजारोंपैकी अनेकांच्या रक्तात तो असणारच. परंतु येथेच एक अडचण उभी राहते. हे लोक १८३४ पासून येत होते. मग बत्तीस वर्षे त्यांच्या रक्तातील जंतू स्वस्थ का बसला?

याचे उत्तर रॉसच्या शोधाने मिळाले. जंतू होता, वाहक नव्हता. मॉरिशसमध्ये हिवताप पसरविणारे जे दोन प्रमुख डास पुढे आढळले, ते अॅनोफिलीस गॅम्बिये वर्गातील एक आणि अॅनोफिलीस फ्युनेस्टस. हे दोन्ही आफ्रिकेतील आहेत, हिंदुस्थानातील नव्हेत. आफ्रिकेचा किनारा वा मादागास्कर यांच्याशी जहाजांची ये-जा वाढली आणि वाफेच्या बोटींनी प्रवासाचे दिवस कमी केले. तेव्हा कोणत्या तरी जहाजातून हे पाहुणे १८६० नंतरच्या काही वर्षांत उतरले असले पाहिजेत, असाच तर्क निघतो. म्हणजे रत्नागिरीच्या मजुरावर ठेवलेला आरोप अर्धाच सिद्ध होतो. उरलेला अर्धा आफ्रिकेशी व्यापार करणाऱ्या गलबतांवर जातो. गलबतांची चौकशी मात्र कोणी केली नाही. माणसाला क्वारंटाइनमध्ये डांबणे सोपे असते.

हा तर्क केवळ स्वजनांच्या कैवाराने केलेला नाही. हाच आफ्रिकी डास १९३० मध्ये ब्राझीलमधील नाताल येथे सापडला. तो डकारहून येणाऱ्या जलद बोटींतून आला असावा, असे मानतात. १९३८ मध्ये तेथे हिवतापाची भयंकर साथ झाली आणि फ्रेड सोपर याच्या पथकांनी तो डास १९४० पर्यंत त्या देशातून समूळ उखडला. त्याहून जुने उदाहरण हवाई बेटांचे आहे. तेथे मुळात डासच नव्हते. १८२६ मध्ये 'वेलिंग्टन' नावाच्या जहाजाच्या खलाशांनी माउई बेटावर पिण्याच्या पाण्याची पिंपे विसळली आणि तळाच्या गाळाबरोबर अळ्या ओढ्यात गेल्या, असे सांगतात. पुढे रॉसने कलकत्त्यास अभ्यासलेल्या पक्ष्यांच्या हिवतापाची बाधा तेथील सुंदर पाखरांना झाली आणि त्यांतील कित्येक जाती नामशेष झाल्या. बेटांचे हेच दुर्दैव: समुद्र त्यांचे रक्षण करतो, तोवर आतील जीवांना शत्रूची सवयच होत नाही.

नोव्हेंबर १९०७ मध्ये रॉस मॉरिशसला पोहोचला आणि सुमारे तीन महिने राहिला. गोरा सरकारी पाहुणा बंगल्यावर उतरून अहवाल खरडतो, तसे त्याने केले नाही. मळ्यांवरील व शाळांतील हजारो मुलांच्या पोटावर हात ठेवून पांथरी वाढली आहे काय, हे त्याने तपासविले. ओढे, गटारे, उसाच्या शेतातील डबकी पाहिली. १९०८ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात त्याच्या जुन्या गणितप्रेमाने एक नवी वाट काढली. गावातील सर्वच डास मारणे अशक्य. मग मारून उपयोग काय, असा आक्षेप त्यास जागोजागी ऐकावा लागे. त्याने आकडे मांडून दाखविले, की डास शून्यावर आणण्याची गरज नाही; माणसामागे असलेली त्यांची संख्या विशिष्ट मर्यादेखाली गेली, की एका रोग्यापासून एकाहून कमी नवे रोगी होतात आणि हिवताप आपोआप ओसरतो. आज कोणत्याही साथीच्या वेळी तज्ज्ञ जे गणित मांडतात, त्याच्या मुळांशी हा अहवाल आहे. सृष्टिक्रमाचा दाखला देणाऱ्या बंगलोरच्या अॅडज्युटंटला मिळालेले हे उत्तर पंचवीस वर्षे उशिरा आले, इतकेच.

उत्तर मिळाले म्हणून विरोध संपला, असे नव्हे. मुंबईत हिवतापाची चौकशी डॉ. बेंटली यांनी केली. घरोघरच्या विहिरी व टाक्या हेच तेथील डासांचे माहेर, असा निष्कर्ष त्यांनी १९११ च्या अहवालात काढला. विहिरी बुजविण्याचे वा झाकण्याचे हुकूम निघताच पारशी व हिंदू या दोहोंनीही धर्माच्या आधारे हरकत घेतली. या हरकतीस मी हसणार नाही. ज्या शहरात नळाचे पाणी बेभरवशाचे, तेथे पिढ्यान्‌पिढ्या गोड पाणी देणारी विहीर बुजविताना हात अडखळतो, आणि तो केवळ अंधश्रद्धेनेच अडखळतो असे नाही. अंदमानात, ज्या काळ्या पाण्याशी सावरकरांमुळे मराठी मनाचे नाते जडले तेथे, पहिली वसाहत १७८९ मध्ये वसली आणि रोगराईमुळे १७९६ मध्ये मोडली. १९१२ साली ख्रिस्तोफर्स याने दाखविले, की तेथील वाहक डास किनाऱ्यालगतच्या मचूळ पाण्यात वाढतो.

मॉरिशसने पुढे रॉसचे ऋण फेडले. १९४९ पासून डीडीटीच्या फवारणीने हिवताप हटला आणि १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते बेट हिवतापमुक्त म्हणून जाहीर केले. दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, चक्रीवादळ झाले. त्यानंतर बांधलेल्या घरांच्या सपाट काँक्रीटच्या गच्च्यांवर पाणी साचू लागले, बाहेरून जंतू आला आणि ताप परतला. १९८२ मध्ये सहाशेंहून अधिक रोगी आढळले. पुन्हा झटून १९९७ नंतर स्थानिक संसर्ग थांबविण्यात आला. त्यासाठी योजलेला उपाय लक्षात ठेवण्याजोगा आहे: हिवतापाच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशाचा पत्ता बंदरावर वा विमानतळावर टिपावयाचा आणि आरोग्य खात्याच्या माणसाने घरी वा हॉटेलात जाऊन त्याचे रक्त तपासावयाचे. गॅब्रिएल बेटावर टाकण्यापेक्षा ही रीत निश्चितच सभ्य.

दरम्यान बेटांचा आणि आपला हा देवघेवीचा व्यवहार उलट्या दिशेनेही चालू झाला. चिकुनगुन्या हा रोग १९५२-५३ मध्ये टांगानिकात ओळखला गेला; कलकत्त्यास १९६३ मध्ये, मद्रासेस १९६४ मध्ये आणि आपल्या बार्शीस १९७३ मध्ये त्याच्या साथी झाल्या, आणि नंतर तो दीर्घकाळ दिसेनासा झाला. २००५-०६ मध्ये मॉरिशसशेजारच्या रेयुनियन बेटावरील सुमारे एक तृतीयांश रहिवाशांना त्याने अंथरुणाला खिळविले. मॉरिशसलाही झळ लागली. हिंदी महासागरातील याच लाटेचा आफ्रिकी वाण २००५ च्या अखेरीस आंध्रात प्रकटला आणि २००६ मध्ये भारतात तेरा लाखांवर संशयित रोगी नोंदले गेले. त्यांत अर्ध्याहून अधिक एकट्या कर्नाटकातील होते. रेयुनियनमध्ये २०२५ साली तो पुन्हा उसळला.

याचा वाहक एडीस. डेंग्यूचाही तोच. हा दलदलीत जात नाही. स्वच्छ पाण्याचे पिंप, कुंडीखालची ताटली, गच्चीवरची टाकी त्यास पुरते, आणि त्याची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला महिनोन्‌महिने जिवंत राहतात. जुन्या जहाजांच्या पाण्याच्या पिंपांतून त्याने जग पादाक्रांत केले ते यामुळेच. तो चावतो दिवसा. म्हणून रात्री मच्छरदाणीत निजणाऱ्या प्रवाशाची खबरदारी अपुरी पडते. रजेत कुटुंबासह बोटीने बेटांची सहल करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: बोट बेटावर दिवसभरच थांबते, परंतु डेंग्यूचा ताप चावल्यापासून चार ते दहा दिवसांनी आणि हिवताप त्याहूनही उशिरा येतो. तोवर मंडळी बेंगळुरूस परतलेली असतात, आणि डॉक्टरांस बेटाची हकिगत सांगावयाची राहून जाते.

सप्टेंबर २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने डेंग्यू हा साथीचा रोग म्हणून अधिसूचित केला. घराच्या आवारात डासांची पैदास होऊ देणाऱ्यास शहरी भागात चारशे रुपये दंड ठरला. ज्या छावणीत रॉसचे पिंप होते, तो भागही आता याच शहरात मोडतो.