नगरपंचायतीला निधी येतो कुठून, अडतो कुठे? सोप्या भाषेत समजून घ्या

चौकात फलक लागतो, 'शहराच्या विकासासाठी इतके कोटी मंजूर'. वर्ष उलटते, नाली तशीच तुंबलेली असते आणि नळाला पाणी येत नाही. मग लोक विचारतात, पैसा गेला कुठे? अनेकदा तो पैसा नगरपंचायतीच्या खात्यात आलेलाच नसतो. मंजुरी मिळणे, पैसे खात्यात येणे आणि काम पूर्ण होणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा विषय फक्त शहरवाल्यांचा नाही. आपल्या जिल्ह्यात बाभूळगाव, कळंब, राळेगाव, मारेगाव, झरी जामणी, महागाव ही तालुक्याची गावे ग्रामपंचायतीतून नगरपंचायतीत गेली. लोहारा, वडगाव, वाघापूर, उमरसरा यवतमाळ नगरपरिषदेच्या हद्दीत आले. तिथे आता ग्रामसभा नाही. पूर्वी हात वर करून सरपंचाला हिशेब विचारता यायचा, आता निधीचा कागद आपणच शोधावा लागतो. म्हणून हा कागद कसा फिरतो ते माहीत असलेले बरे.

घरचे उत्पन्न पुरत नाही

मालमत्ता कर, पाणीपट्टी, बाजार फी, गाळ्यांचे भाडे हे नगरपरिषदेचे स्वतःचे उत्पन्न. लहान शहरात यातून दिवाबत्ती, सफाई आणि किरकोळ दुरुस्ती कशीबशी भागते. पाण्याची टाकी, मोठा रस्ता किंवा कचरा प्रकल्प यासाठी सरकारी अनुदान लागतेच.

निधीचे मुख्य मार्ग

१) वित्त आयोग : हा केंद्राचा पैसा राज्यामार्फत येतो. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी लहान शहरांच्या निधीची विभागणी ठरवून दिली. समजा १ कोटी आले, तर ४० लाख स्थानिक गरजेप्रमाणे वापरता येतात, पण पगारावर नाही. ३० लाख पिण्याचे पाणी, पावसाचे पाणी साठवणे आणि पाण्याच्या पुनर्वापरासाठी. उरलेले ३० लाख स्वच्छता व कचरा व्यवस्थापनासाठी. पाण्याचा पैसा रस्त्यावर टाकता येत नाही.

२) जिल्हा नियोजन समिती : पालकमंत्री अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव असतात. नगरोत्थान महाभियानाचा जिल्हास्तरीय निधी आणि वस्ती सुधार योजनांचा निधी इथून मिळतो.

३) राज्य शासन : राज्यस्तरीय नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण कामांसाठीचा विशेष निधी वगैरे. यासाठी नगर विकास विभागाचा शासन निर्णय म्हणजे जीआर निघतो.

४) केंद्राच्या योजना : अमृत, स्वच्छ भारत (नागरी), पंतप्रधान आवास योजना (शहरी).

५) आमदार व खासदार निधी : खासदाराला वर्षाला ५ कोटी रुपयांची कामे सुचवता येतात. हे पैसे त्यांच्या हातात येत नाहीत, जिल्हा प्रशासनामार्फत खर्च होतात.

६) जिल्हा खनिज प्रतिष्ठान : वणी भागात कोळसा खाणी आहेत. खाणवाल्यांकडून घेतलेली ही रक्कम खाणबाधित भागातील पाणी, आरोग्य, शिक्षण अशा कामांना प्राधान्याने द्यायची असते.

प्रस्ताव ते कार्यादेश

निधी आपोआप येत नाही, मागावा लागतो. आधी सभागृहात ठराव होतो. मग अभियंता अंदाजपत्रक करतो. काम मोठे असेल तर सविस्तर प्रकल्प अहवाल म्हणजे डीपीआर लागतो. त्यानंतर तांत्रिक मान्यता घ्यावी लागते. पाणीपुरवठ्याच्या मोठ्या योजनेत ही मान्यता महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून घेतली जाते. मग प्रशासकीय मान्यता, ई-निविदा आणि शेवटी ठेकेदाराला कार्यादेश. जागा नगरपरिषदेच्या नावावर नसेल किंवा वन विभागाची परवानगी बाकी असेल, तर फाईल तिथेच थांबते. म्हणून जीआर निघण्याआधीच जागा व अंदाजपत्रक तयार ठेवणाऱ्या नगरपरिषदेचा प्रस्ताव लवकर पुढे सरकतो.

पैसा हप्त्याहप्त्याने येतो

यवतमाळ शहराचेच उदाहरण घ्या. निळोणा आणि चापडोह या धरणांवर शहराची तहान भागत होती. २०१८ च्या उन्हाळ्यात ही धरणे आटली आणि शहरात पाण्यासाठी हाहाकार झाला. बाभूळगाव तालुक्यातील बेंबळा धरणातून पाणी आणण्याची योजना अमृत अभियानात मंजूर झाली होती, पण काम लांबत गेले.

अमृत अभियान केंद्राने जून २०१५ मध्ये सुरू केले. दहा लाखांपर्यंत लोकसंख्येच्या शहराला प्रकल्प खर्चाच्या निम्मी रक्कम केंद्र देणार, बाकीची राज्य आणि शहराने उभी करायची, असा नियम होता. केंद्राचा पैसाही एकदम नाही, तर २०, ४० आणि ४० टक्के अशा तीन हप्त्यांत. आधीच्या हप्त्याचा हिशेब दिल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. १ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालेल्या अमृत २.० मध्येही हप्त्यांची पद्धत तीच आहे. त्यात एक लाखाच्या आतील शहरांना केंद्राकडून निम्मी, तर एक ते दहा लाखांच्या शहरांना एक तृतीयांश मदत मिळते.

निधी अडतो कुठे?

स्वहिस्सा : बऱ्याच योजनांत नगरपरिषदेला आपला वाटा भरावा लागतो. समजा काम २ कोटींचे आणि वाटा १० टक्के, तर २० लाख आधी हाताशी पाहिजेत. घरपट्टी वसूल नसेल तर ते आणायचे कुठून?

उपयोगिता प्रमाणपत्र : मिळालेला पैसा ज्या कामासाठी आला त्यावरच खर्च झाला, असा हा दाखला. बोलीभाषेत यूसी. मोजमाप पुस्तिका अपुरी आणि देयके अर्धवट असली की यूसी रखडते आणि त्यासोबत पुढचा हप्ताही.

लेखे आणि करवसुली : २०२१-२२ पासून वित्त आयोगाच्या निधीसाठी लेखापरीक्षण झालेले हिशेब ऑनलाइन टाकणे सक्तीचे झाले. पुढच्या वर्षापासून मालमत्ता कराची वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या सरासरी वेगाने वाढली पाहिजे, ही अटही आली. म्हणजे घरपट्टी थकली की तिचे नुकसान दोनदा होते. एकदा कर बुडतो, दुसऱ्यांदा अनुदान अडते.

मुदत : अखर्चित रक्कम ठरलेल्या मुदतीनंतर शासनाला परत करावी लागते. मार्चमध्ये बिले काढायची घाई दिसते ती यामुळेच.

तुम्ही काय पाहू शकता?

फलकावर आकडा दिसला की चार प्रश्न विचारा. निधी कोणत्या योजनेचा? जीआर किंवा प्रशासकीय मान्यतेची तारीख काय? खात्यात प्रत्यक्ष किती आले? आधीच्या हप्त्याचे यूसी दिले का?

जीआर महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर मोबाईलवरही उघडतो. विभाग 'नगर विकास' निवडा आणि आपल्या गावाचे नाव टाकून शोधा. निविदा राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर दिसतात.

उत्तर मिळत नसेल तर माहिती अधिकार आहेच. साध्या कागदावर अर्ज, १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला पुराव्यासह अर्ज केल्यास शुल्क नाही. अर्ज नगरपरिषदेच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे द्या आणि पोच घ्या. अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत ठेवा. 'सगळी माहिती द्या' असे लिहू नका. योजनेचे नाव, वर्ष आणि कागद नेमका लिहा : कार्यादेशाची प्रत, मोजमाप पुस्तिकेची प्रत, यूसीची प्रत. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयात पहिले अपील करता येते.

जिल्ह्यातील नगरपरिषदांवर बराच काळ प्रशासक होते. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीनंतर पुन्हा नगरसेवक आले आहेत. आपल्या प्रभागाच्या कामाचा प्रस्ताव अंदाजपत्रकात आहे का, हे त्यांना फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पीय सभेआधी विचारा. अर्थसंकल्प मंजूर झाल्यावर त्यात नवे काम घुसवणे अवघड जाते.