अज्जीचं पातेलं

गेल्या दिवाळीच्या आठवडाभर आधी ताईने आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फोटो टाकला. पितळेचं पातेलं, ऑनलाइन मागवलेलं, इतकं चकचकीत की त्यात तिचा मोबाईल धरलेला हात दिसत होता. खाली लिहिलं होतं, ‘आजपासून बाळाचं दूध ह्यातच तापणार. जुनं ते सोनं!’ बाळ तेव्हा सहा महिन्यांचं. ग्रुपवर अंगठे आणि बदाम सुरू झाले. मीही एक अंगठा टाकला.

मी तेव्हा घरी होतो, मैंदर्गीला. सोलापूर जिल्ह्यातला अक्कलकोट तालुका, त्यातलं हे कर्नाटकाच्या सीमेला टेकलेलं गाव. नगरपरिषद आहे, म्हणून शहर म्हणायचं. आमच्या घरातलं वाक्य मराठीत सुरू होतं आणि कन्नडमध्ये संपतं. आजीला आम्ही अज्जी म्हणतो आणि ती मला तम्मा म्हणते. पप्पांनी तो फोटो अज्जीला दाखवला. तिने चष्मा लावून बघितला आणि म्हणाली, “त्यात दूध नको म्हणावं.” का, ते सांगितलं नाही. उठून आत गेली.

रात्री मी तिच्याजवळ बसलो तेव्हा कळलं. पप्पांच्या पाठीवर तिला आणखी एक मुलगा झाला होता. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी, दीड वर्षाचा होऊन तो गेला. आम्हा नातवंडांना हे माहीतच नव्हतं. “त्याला लिव्हर झालतं,” ती म्हणाली. बाळंतपणानंतर ती तापाने पडली, अंगावर दूध राहिलं नाही. मग घरच्या गाईचं दूध, पितळेच्या पातेल्यात तापवून, त्यातच झाकून ठेवून, दिवसभर त्याला पाजलं. वर्षाचा झाल्यावर पोट फुगायला लागलं. किरकिर थांबेना. सोलापूरला नेलं तोवर डोळे हळदीसारखे झाले होते.

१९९३ मध्ये ताई जन्मली, तेव्हा डॉक्टरबाईंनी आईला सांगितलेलं अज्जीने दाराआडून ऐकलं : तान्ह्या बाळाचं दूध पितळेत तापवू नका, लिव्हर खराब होतं. त्या आठवड्यात अज्जीने घरातली सगळी पितळी पातेली माळ्यावर टाकली. का टाकली, ते कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

“तू शिकलेला आहेस,” ती मला म्हणाली. “बघ की तम्मा, खरंच तसं असतं काय?”

*

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. पण रात्री दोन वाजता सर्व्हर पडला की तो का पडला हे मागे मागे जात शोधणं, हे माझं रोजचं काम आहे. त्याच सवयीने मी पुण्याला परतल्यावर वाचायला लागलो. आणि कळलं की अज्जीच्या प्रश्नाचा बराचसा शोध माझ्या खोलीपासून बाईकवर वीस मिनिटांवर, रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलमध्ये लागला होता.

सिरॉसिस म्हटलं की आपल्याला दारू आठवते. सिरॉसिस म्हणजे लिव्हरच्या मऊ पेशी मरून तिथे घट्ट, वणासारखं जाळं तयार होणं. पण भारतात शंभर वर्षं एक असा सिरॉसिस होता जो सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांना व्हायचा. १८८७ मध्ये कलकत्त्यात सेन नावाच्या डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. पुढे त्याला नावच पडलं : इंडियन चाइल्डहूड सिरॉसिस. पोट वाढायचं, लिव्हर दगडासारखं हाताला लागायचं, मग कावीळ, पोटात पाणी, आणि बहुतेक वेळा काही महिन्यांत मृत्यू. एकाच घरात दोन-दोन भावंडं जायची. त्यामुळे कुणी म्हणे आनुवंशिक आहे, कुणी म्हणे कसला तरी विषाणू, कुणी म्हणे आहार. घरातले म्हणत, नजर लागली.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांना चक्रावून टाकायची. आपल्याकडे बालमृत्यूंची यादी काढली तर सहसा सर्वांत गरीब घरं वर येतात. हा आजार मात्र खाऊन-पिऊन सुखी, मध्यम घरांत जास्त दिसायचा. त्यातही खेड्यांत.

पहिला धागा मिळाला तो लंडनमध्ये. १९७० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये भारतातल्या अशा मुलांच्या लिव्हरचे तुकडे ऑर्सिन नावाच्या रंगाने रंगवून पाहिले गेले. पेशींमध्ये तपकिरी कण दिसले. तांबं साठलं की असे कण दिसतात. १९७९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निबंध आला. लेखकांत स्टुअर्ट टॅनर होते आणि पुण्याच्या केईएमचे बालरोगतज्ज्ञ डॉ. आनंद पंडितही होते. निरोगी लिव्हरच्या एका ग्रॅम कोरड्या वजनात तांबं साधारण ५० मायक्रोग्रॅमच्या आत असतं. ह्या मुलांमध्ये ते कित्येक शे, कधी हजाराच्याही वर होतं.

त्याच निबंधात रॉजर विल्यम्स हेही एक नाव आहे. हे किंग्जच्या लिव्हर युनिटचे प्रमुख. केंब्रिजच्या रॉय काल्न यांच्यासोबत १९६८ पासून ब्रिटनमधलं लिव्हर ट्रान्सप्लांट ज्यांनी उभं केलं, ते हेच. म्हणजे खराब झालेलं लिव्हर काढून नवं कसं बसवायचं, ह्याचा शोध घेणारी माणसं आणि भारतातल्या बाळांचं लिव्हर का खराब होतं हे शोधणारी माणसं त्या काळात एकाच इमारतीत होती.

*

तांबं दिसलं, पण ते आलं कुठून?

शरीराला तांबं थोडंसं लागतंच. जास्तीचं तांबं बाहेर टाकायचा मुख्य रस्ता एकच आहे : लिव्हर ते पित्तात सोडतं आणि पित्त आतड्यात जातं. बाळ जन्मतं तेव्हाच त्याच्या लिव्हरमध्ये तांब्याचा मोठा साठा असतो आणि हा रस्ता अजून नीट वाहता झालेला नसतो. आईच्या दुधात तांबं कमी असतं, म्हणून निभतं.

केईएमच्या गटाने, म्हणजे डॉ. पंडित, डॉ. शीला भावे आणि त्यांच्यासोबत टॅनर यांनी, पुढची पायरी घेतली ती महागड्या यंत्राने नाही. त्यांनी आयांना विचारलं. वरचं दूध कितव्या आठवड्यात सुरू केलं? कोणत्या जनावराचं? तापवलं कशात, ठेवलं कशात? मग तेच प्रश्न आजारी नसलेल्या, त्याच वयाच्या मुलांच्या घरीही विचारले आणि उत्तरं शेजारी शेजारी मांडली. आजारी मुलांना वरचं दूध फार लवकर सुरू झालेलं होतं, आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून ठेवलेलं असण्याचं प्रमाण जास्त होतं. १९८३ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, सविस्तर तुलना १९८७ मध्ये.

इथे मध्यम घरांचं कोडंही सुटायला लागतं. पितळेची भांडी म्हणजे ऐपत. ती लग्नात यायची, त्यांच्यावर नावं घातलेली असायची. वरचं दूध पाजायलाही दारात गाय किंवा हातात पैसे लागत.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आपल्या बायकांना पितळेचा दोष माहीत नव्हता असं नाही. ताक, चिंच, आमटी पितळेत ठेवली की ‘कळकते’, हा शब्दच त्यासाठी आहे. म्हणून तर कल्हई होती. भाता मारून भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा आणि आतून कथिलाचा पातळ थर फिरवायचा. कल्हई शाबूत असेल तोवर अन्नाचा पितळेशी संबंध येत नाही. पण ती घासून घासून उडते. आणि आंबट पदार्थ कळकला की जिभेला लगेच कळतं, दूध तसं ओरडून सांगत नाही. दुधातलं केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवतं. पितळेत तापवलेलं आणि तासन्‌तास ठेवलेलं दूध तांबं उचलतं, आणि पिणाऱ्याला पत्ता लागत नाही.

मी अज्जीला फोनवर कल्हईबद्दल विचारलं. ती म्हणाली, कल्हईवाला वर्षातून एकदा, दिवाळीच्या तोंडावर यायचा. त्या वर्षी पीक नव्हतं, कल्हई केली नव्हती.

*

१९८३ हे साल मला सारखं दिसत राहिलं. त्याच वर्षी जून महिन्यात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची परिषद भरवली. लिव्हर ट्रान्सप्लांट हा आता नुसता प्रयोग नाही, तो उपचार आहे, असा निर्वाळा तिथे मिळाला. तिथवर पोचायला वीस वर्षं गेली होती. १९६३ मध्ये डेन्व्हरला थॉमस स्टार्झल यांनी माणसावरचं पहिलं लिव्हर ट्रान्सप्लांट केलं ते एका तीन वर्षांच्या मुलावर, आणि ते मूल ऑपरेशन टेबलावरच गेलं.

भारतात अवयवदानाचा कायदा आला १९९४ मध्ये. लहान मुलाचं पहिलं यशस्वी लिव्हर ट्रान्सप्लांट झालं नोव्हेंबर १९९८ मध्ये, दिल्लीत. दोन वर्षांहून लहान मुलगा, वडिलांनी आपल्या लिव्हरचा तुकडा दिला. ह्या मुलाचा आजार वेगळा होता, पित्तनलिकांचा. आज पुण्या-मुंबईत अशी ऑपरेशनं होतात. खर्च लाखांत जातो, आणि आयुष्यभर औषधं लागतात.

म्हणजे १९७१ मध्ये मैंदर्गीतल्या बाळाला ट्रान्सप्लांट मिळणं शक्यच नव्हतं. १९८३ मध्येही नव्हतं. पुण्याच्या डॉक्टरांपुढे वॉर्डात मुलं मरत होती आणि लिव्हर बदलण्याची सोय नव्हती. त्यांच्याकडे दोनच गोष्टी होत्या. एक, डी-पेनिसिलामाइन नावाचं औषध. ते तांब्याला पकडून लघवीवाटे बाहेर काढतं. जॉन वॉल्श यांनी १९५६ मध्ये तांबं साठण्याच्या दुसऱ्या एका आजारावर, विल्सन्स डिसीजवर, ते सुचवलं होतं. केईएममध्ये त्याच्या रीतसर चाचण्या झाल्या. कुणाला औषध, कुणाला नुसती गोळी, हे देणाऱ्यालाही माहीत नाही, अशा पद्धतीने. आजार पुढे गेलेली मुलं वाचली नाहीत. पण कावीळ होण्याआधी औषध सुरू झालं तर काही मुलं वाचत होती. १९९६ मध्ये डॉ. आशिष बावडेकर आणि सहकाऱ्यांनी अशा वाचलेल्या मुलांबद्दल लिहिलं. ती वाढत होती, आणि काहींचं लिव्हर तपासणीत जवळजवळ पूर्ववत झालेलं दिसत होतं. सिरॉसिस मागे फिरत नाही असंच समजलं जाण्याच्या काळातली ही गोष्ट.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे सल्ला. अंगावरचं पाजा. वरचं द्यायचंच तर स्टीलच्या नाहीतर अॅल्युमिनियमच्या भांड्यात तापवा. त्याच सुमारास बाजारात स्टील स्वस्त होत होतं आणि पितळ मोडीत निघत होतं. १९९० च्या दशकात हा आजार इतका विरळ झाला की आजच्या तरुण डॉक्टरांनी तो बहुधा पुस्तकातच पाहिलेला असतो.

*

आता अडचणीची बाजू. पितळेतलं दूध लाखो मुलं प्यायली, ती सगळी आजारी पडली नाहीत. पप्पाही त्याच घरात वाढले. आणि काही आजारी मुलांच्या घरी पितळेचा मागमूस सापडला नव्हता. १९७९ मधल्या दुसऱ्या एका ‘लॅन्सेट’ निबंधाचे सहलेखक एन. सी. नायक यांनी अरुण चितळे यांच्यासोबत २०१३ मध्ये लिहिलं की तांबं हे मूळ कारण मानणंच चुकीचं आहे. त्यांच्या मते लिव्हर आधी बिघडतं आणि मग तांबं साठतं.

उलट बाजूला ऑस्ट्रियाचा टिरोल प्रांत आहे. १९०० ते १९७४ ह्या काळात तिथे १३८ लहान मुलं अशाच आजाराने गेली. १९९६ मध्ये त्यांची वंशावळ लावली तेव्हा आनुवंशिक दोषाचा माग दिसला. पण घराघरांत आणखी एक गोष्ट सारखी होती : गाईचं दूध आणि साखर, कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात शिजवलेली. भांडी बदलली आणि आजार संपला. रक्तातला दोष तिथेच राहिला असणार, फक्त त्याला चेतवणारं भांडं गेलं. मला हे स्पष्टीकरण जास्त पटतं. आमच्या कोडमध्येही असा बग असतो, जो विशिष्ट इनपुट येईपर्यंत वर्षानुवर्षं झोपून राहतो.

आमच्या ऑफिसात सिस्टीम कोसळली की ‘ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम’ करतात. काय झालं ते क्रमाने लिहायचं, कुणाचं नाव घ्यायचं नाही. कारण त्या क्षणी माणसाला जेवढं माहीत होतं तेवढ्यावर त्याने योग्य तेच केलेलं असतं, असं गृहीत धरायचं. मी हा नियम पाळत आलो, पण त्याचा अर्थ मला अज्जीला काय सांगायचं ते ठरवताना कळला.

पाडव्याला नाही जमलं, संक्रांतीला घरी गेलो. तिला सांगितलं. काकाला हाच आजार होता का हे आता कुणीच सांगू शकणार नाही. कदाचित होता. पातेल्याने झालं असेल, एकट्या पातेल्याने नसेल. पण एक गोष्ट नक्की आहे. तो गेला त्या वर्षी हे पातेल्याचं प्रकरण लंडनच्या, पुण्याच्या, कुठल्याच डॉक्टरला माहीत नव्हतं. ते कळायला आणखी दहा-बारा वर्षं जायची होती, आणि कळलं तेही तुझ्यासारख्या आयांनी आठवून आठवून सांगितलं म्हणून.

अज्जी बराच वेळ काही बोलली नाही. तिळगुळाच्या ताटावरचं फडकं सारखं करत राहिली. मग म्हणाली, “त्या बायकांना विचारायला आले होते काय डॉक्टर?”

“हो.”

“मला कोण विचारलंच नाही,” ती म्हणाली. आणि जरा थांबून, “ताईला सांगितलास काय?”

सांगितलं होतं. ताईच्या पातेल्याला आतून कल्हई नव्हती. बाळाचं दूध आता स्टीलमध्ये तापतं.