हात रिकामे दिसले, तरी गोळी सुटली : पोलिसांच्या बॅटरीची गोष्ट

३ ऑक्टोबर १९७४. अमेरिकेतलं मेम्फिस शहर, रात्रीचे पावणेअकरा. शेजारच्या घरात चोर शिरल्याची खबर आली म्हणून दोन पोलीस पोचले. मागच्या अंगणातून एक मुलगा पळाला आणि सहा फुटी जाळीच्या कुंपणापाशी दबकून बसला. एल्टन हायमन या पोलिसाने त्याच्यावर बॅटरी मारली. चेहरा दिसला, हातही दिसले. हत्यार काही दिसलं नाही. थांब म्हटल्यावर पोरगा कुंपणावर चढायला लागला आणि हायमनने गोळी झाडली. ती डोक्याला मागून लागली.

एडवर्ड गार्नर, वय १५. त्याच्याकडे सापडले दहा डॉलर आणि एक पर्स. बस्स.

एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात पिस्तूल. सिनेमात शंभरदा पाहिलेलं हे दृश्य, पण त्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

आपण टॉर्चला सरसकट 'बॅटरी'च म्हणतो. अमेरिकेत नाव पडलं फ्लॅशलाइट, कारण सुरुवातीचे सेल इतके कमजोर की उजेड सलग टिकायचाच नाही, नुसता चमकून जायचा. डेव्हिड मिसेलला तिचं पेटंट मिळालं १० जानेवारी १८९९ ला. ती विकणारा कॉनराड ह्युबर्ट, ज्याच्या धंद्यातून पुढे 'एव्हरेडी' आली. त्यांनी काही बॅटऱ्या न्यूयॉर्कच्या पोलिसांना वापरून बघायला दिल्या. म्हणजे पहिल्या काही गिऱ्हाइकांतच पोलीस होते.

पण अंधारात बॅटरी लावली की आपणच आधी दिसतो! समोरचा उजेडावरच नेम धरणार. म्हणून एफबीआयने बॅटरीचा हात अंगापासून लांब आणि उंच धरायला शिकवलं. त्यात पिस्तूल एकाच हातात राहतं आणि नेम डळमळतो. १९७० च्या दशकात मायकेल हॅरीजने दोन्ही मनगटं एकमेकांवरून नेऊन हातांच्या पाठी एकमेकींना टेकवायची पद्धत रूढ केली. पिस्तुलाला आधार मिळाला. पण त्यात बॅटरी जिकडे वळेल तिकडे नळीही वळते.

दरम्यान बॅटऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या, लांब आणि जड झाल्या. १९७९ मध्ये मॅगलाइट आली. उजेडाचं साधन दंडुक्यासारखं वापरलं जाऊ लागलं. नोव्हेंबर १९९२ मध्ये डेट्रॉइटमध्ये पोलिसांनी मॅलिस ग्रीनच्या डोक्यात अशाच बॅटऱ्या घातल्या. तो मेला आणि दोन पोलिसांना शिक्षा झाली. नंतर छोटे पण प्रखर दिवे आले आणि थेट पिस्तुलालाच बसले. आता काही बघायचं तर बंदूकच रोखायची! दिव्याचं बटण दाबायला गेलं आणि चाप ओढला गेला, असंही तिकडे घडलंय.

बॅटरी पोलिसाला दिली कशासाठी? गोळी झाडण्याआधी समोर कोण आहे, त्याच्या हातात काय आहे, हे कळावं म्हणून. गार्नरच्या बाबतीत बॅटरीने आपलं काम चोख केलं होतं. आडवा आला तो कायदा. पळणाऱ्याला पकडण्यासाठी वाट्टेल ते करायची मुभा टेनेसी राज्याने दिलेली होती.

त्याचे वडील कोर्टात गेले. २७ मार्च १९८५ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की नुसता पळतोय म्हणून निःशस्त्र माणसाला ठार मारता येणार नाही. त्याच्यापासून कुणाच्या जिवाला गंभीर धोका आहे असं मानायला सबळ कारण हवं.

आपल्याकडेही १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६ मध्ये लिहिलं होतं की ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही, त्याच्या आरोपीला पकडताना त्याचा जीव घ्यायचा अधिकार या कलमाने मिळत नाही. नव्या संहितेतही ती तरतूद आहे. एन्काउंटरच्या बातमीवर टाळ्या वाजवताना किती जणांना ती आठवते?

उजेड कितीही प्रखर करा हो, दिसलेलं मानायचं की नाही ते शेवटी माणूस ठरवतो, आणि त्याला धरबंध घालतो तो कायदा.

तुम्हाला काय वाटतं? कमेंटमध्ये लिहा. पटलं तर शेअर करा.