अज्ञात हातांचे संपादन

आज वसई-विरार महापालिकेच्या हद्दीत असलेले सोपारे म्हणजे प्राचीन शूर्पारक. समुद्राने मागे सरून परशुरामाला दिलेली भूमी, अशी तिची ओळख महाभारतात आहे. या परशुरामक्षेत्राची कथा विस्ताराने सांगणारा ग्रंथ म्हणजे सह्याद्रिखंड. स्वतःला तो स्कंदपुराणाचा भाग म्हणवतो. गर्सन दा कुन्हा यांनी १८७७ साली तो मुंबईत छापला. आदल्याच वर्षी चौल आणि वसई यांच्या इतिहासावरचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले होते.

सह्याद्रिखंडाचे जातिविषयक अध्याय वाचताना अभ्यासक थबकतो. चित्पावन आणि कऱ्हाडे यांच्या उत्पत्तीच्या कथा उघड अवमानकारक, तर सारस्वतांचे वर्णन गौरवाचे! भर कोणी आणि केव्हा घातली हे पोथी सांगत नाही. भर कोणत्या दिशेला झुकते एवढेच दिसते. उलट बाजूनेही हात चालले. पेशवाईत या ग्रंथाच्या प्रती दडपल्या वा नष्ट केल्या जात, आणि एक प्रत बाळगल्याबद्दल वाईच्या एका प्रतिष्ठित ब्राह्मणाला दुसऱ्या बाजीरावाने अपमानित केले, असे ग्रँट डफने १८२६ च्या इतिहासात नोंदवले आहे. तेव्हा मजकूर वगळायचा तर प्रतच नाहीशी करावी लागे.

याच उत्तर कोकणातली महिकावतीची बखर वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली प्रसिद्ध केली. तिच्यातही अनेक काळांचे अनेक हात आहेत, मात्र त्यांतले काही आपले नाव आणि शक सांगतात. शके १३७० मध्ये, म्हणजे इ.स. १४४८ च्या सुमारास, मालाडच्या नायकोराव देसल्याला देवीचा दृष्टांत झाला आणि त्यावरून केशवाचार्याने महाराष्ट्रधर्म व कुळांची हकिकत सांगितली, अशी त्यातली कथा आहे. कुळांच्या याद्या हव्या असणारे लोक आणि त्या सांगणारा आचार्य, हा योग हितसंबंधांपासून मुक्त कसा असेल? तरीही त्याला बनवेगिरी म्हणायला मन धजत नाही. समाज आपली आठवण अशीच रचत असतो.

विकिपीडियावर हे दोन्ही प्रकार एकाच पानावर भेटतात. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. जातींच्या पानांवरचा झगडा मात्र इंग्रजी आवृत्तीत अधिक पेटला आणि २०१२ साली तेथील समुदायाला दक्षिण आशियाई समाजगटांच्या लेखांसाठी खास निर्बंध लावावे लागले. खुणा ठरलेल्या असतात: नवे खाते, एकाच लेखात रस, संदर्भासहित वाक्य काढून तेथे बिनसंदर्भ क्षत्रियत्व, आणि ते उलटवले की काही मिनिटांत दुसऱ्या नव्या खात्याकडून तोच बदल, त्याच शब्दचुकीसह. यांना कळसूत्री खाती म्हणतात. कुळाच्या अभिमानाइतकाच पैसाही येथे हात चालवतो: २०१५ साली इंग्रजी विकिपीडियाने पैसे घेऊन लेख लिहिणाऱ्या एका टोळीची ३८१ खाती बंद केली.

पण एकसारखे बदल करणारी दहा खाती म्हणजे एकच माणूस, हे गृहीत धरणे घाईचे. एकाच समाजातली दहा माणसे एकच आठवण खरी मानून लिहीत असतील, तर त्यांना कटवाले ठरवणे हाही एक पक्षपातच. आणि तसे ठरवणाऱ्याचाही त्या लेखात काही रस असू शकतो. येथे भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती आठवते. वि. सू. सुकथनकरांचे आदिपर्व १९३३ साली पूर्ण झाले. एखादा श्लोक कोणाच्या सोयीचा, यापेक्षा तो कोणत्या हस्तलिखित-परंपरांत आहे आणि कोणत्यांत नाही, हे त्यांनी आधी पाहिले. प्रक्षिप्त ठरलेला मजकूर त्यांनी फेकला नाही. तळटीपांत आणि परिशिष्टांत ठेवला. दोषारोप न करता भर ओळखण्याची ही रीत साहित्याच्या विद्यार्थ्याला ज्ञानकोशाच्या पानावरही वापरता येईल.

साधनेही तेथे अधिक आहेत. पानाच्या इतिहासात जवळजवळ प्रत्येक आवृत्ती वेळेसह राहते. सह्याद्रिखंडाच्या संपादकाला असे काही मिळाले असते तर! मात्र खात्यामागचा संगणक ओळखण्याची तांत्रिक नोंद मोजक्या विश्वासू सदस्यांनाच दिसते आणि सुमारे ९० दिवसांनी पुसली जाते. त्यानंतर तपासणाऱ्याच्या हाती उरतो तो मजकूर, त्याची तारीख, आणि एक टोपणनाव.