बेंगळुरूचे प्रादेशिक नियोजन : तलावांची साखळी आणि नकाशाच्या सीमा

विजापूरकरांच्या 1638 च्या मोहिमेनंतर बेंगळुरू शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीत आले. त्यांच्या आश्रयाला असलेल्या जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’मुळे तेथील बहुभाषिक दरबार मराठी वाङ्मयेतिहासाला परिचित आहे. ही नगरी ज्या जलव्यवस्थेवर उभी होती, तिचा इतिहासही तितकाच उद्बोधक आहे. आधुनिक प्रादेशिक नियोजनाचे यशापयश याच व्यवस्थेच्या कसोटीवर तपासता येते.

सुमारे 900 मीटर उंचीवरील बेंगळुरूला मोठी नदी नाही. जलविभाजक रेषेच्या पश्चिमेचे पाणी वृषभावतीतून अर्कावतीला व पुढे कावेरीला मिळते. पूर्वेचे पाणी दक्षिण पिनाकिनीकडे वाहते. या उतारांवर बांध घालून ‘केरे’, म्हणजे तलाव, निर्माण झाले. वरच्या केरेतील अतिरिक्त पाणी ‘राजकालुवे’ या मोठ्या नाल्यांतून खालच्या केरेत उतरत असे. शेती, गुरे आणि विहिरी यांना आधार देणारी ही साखळी म्हणजे त्या प्रदेशाचे एक नियोजनच होते.

1894 मध्ये हेसरघट्टा, 1933 मध्ये तिप्पगोंडनहळ्ळी आणि 1974 मध्ये सुमारे 100 किलोमीटरवरून कावेरी, असे क्रमाने दूरचे पाणी शहरात आले. परिणामी जवळचा तलाव हा जलसाठा न राहता मोकळी जमीन ठरला. धर्मांबुधीच्या जागी बसस्थानक आणि संपंगीच्या जागी कंठीरव क्रीडांगण उभे राहिले.

शासन या ऱ्हासाविषयी सर्वस्वी उदासीन होते, असे मात्र म्हणता येत नाही. 1984 च्या विकास आराखड्यात हरितपट्टा आखण्यात आला. 1985 च्या अधिनियमाने सुमारे 8,000 चौरस किलोमीटरच्या महानगर प्रदेशासाठी प्राधिकरणाची तरतूद केली. त्याच दशकात लक्ष्मणराव समितीने तलाव जतन करण्याची शिफारस केली. तथापि, पुढील आराखड्यांत नागरी क्षेत्र हरितपट्ट्यात विस्तारत गेले. संरक्षणाचा वादही तलावाच्या काठापासूनच्या अंतरापुरता मर्यादित झाला. 2007 मध्ये मंजूर झालेल्या आराखड्यातील 30 मीटरऐवजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2016 मध्ये 75 मीटर अंतर ठरवले. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. वैधानिक आराखड्यात न्यायाधिकरणाला असा बदल करता येत नाही, ही त्यामागील भूमिका होती.

या वादाचे महत्त्व नाकारता येत नाही. परंतु मूळ प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. काठ सुरक्षित राहिला आणि वरचा राजकालुवे बुजला, तर तलाव नकाशावर उरतो, साखळीत उरत नाही. सप्टेंबर 2022 च्या पुरात बेल्लंदूर व महादेवपुरा परिसरातील माहिती-तंत्रज्ञान संकुलांचे रस्ते आणि घरे पाण्याखाली गेली, तेव्हा पाण्याने आपला जुना उतारच पुन्हा दाखवून दिला. प्रशासकीय हद्द पाण्याला बांधत नाही. विकास आणि पर्यावरण यांचा समतोल साधायचा, तर तलाव किंवा भूखंड यांऐवजी संपूर्ण खोरे हेच नियोजनाचे एकक मानणे अपरिहार्य ठरते.