पट्टी कोणाची?

भजनाला बसलं की पेटीवाल्यांचा पहिला प्रश्न असतो, पट्टी कोणती? आमच्या गटात बरीच वर्षं याचं उत्तरही तेच द्यायचे. पुरुषांच्या आवाजाला बसणारी काळी एक धरायचे आणि आम्ही त्यातच गायचो. खालचे सूर ऐकू यायचे नाहीत, वरचे गाठताना आवाज चिरकायचा. आम्हाला वाटायचं, आपलाच गळा वाईट.

आज या पट्टीचीच गोष्ट सांगणार आहोत, पण ती आहे इंग्लंड-आयर्लंडकडची.

तिकडे पत्र्याची शिट्टी वाजवतात. तिला टिन व्हिसल म्हणतात. पाव्यासारखी सरळ धरायची, वर सहा भोकं. इंग्लंडच्या सफक परगण्यातल्या रॉबर्ट क्लार्क यांनी १८४३ साली पत्रा गुंडाळून, तोंडाशी लाकडाचं बूच बसवून अशा शिट्ट्या करायला सुरुवात केली. मग मँचेस्टरजवळ त्यांचा कारखाना उभा राहिला. स्वस्त म्हणून तिला पेनी व्हिसल असंही नाव पडलं. महाग वाद्य न परवडणाऱ्या घरातही ती पोचली.

पण पेटीवर बोटं सरकवली की पट्टी बदलते, तसं शिट्टीचं नाही. नळी लांब तर सूर खाली, आखूड तर वर. सगळी भोकं झाकली की जो सूर निघतो, तो तिचा सा. मग घ्यायची कोणती?

आयर्लंडच्या वादकांनी उत्तर काढलं, आधी डी घ्या. डी म्हणजे आपली पांढरी दोन. जुन्या लाकडी बासऱ्या त्याच सुरात असत आणि फिडललाही तो सोयीचा. शिवाय त्याच शिट्टीवर वरची तीन भोकं झाकली की म निघतो. त्यालाच सा धरायचं आणि शुद्ध नीच्या जागी कोमल नी घ्यायचा, की पांढरी पाचही वाजते. तिकडची बहुतेक नाचाची गाणी या दोनच पट्ट्यांत असतात. म्हणजे एका शिट्टीत दोन पट्ट्यांचं काम भागतं. सी शिट्टी घेतली तर याच हिशेबानं पांढरी एक आणि पांढरी चार मिळते.

नाचाला एवढं पुरतं. गाणाऱ्याला साथ करायची तर मात्र जास्त शिट्ट्या बाळगाव्या लागतात. शिट्टी बदलता येते, गळा बदलता येत नाही.

यात आपल्या देशाचाही धागा आहे. फिनबार फ्युरी या आयरिश वादकाकडे भारतातली बांबूची बासरी होती. ती दौऱ्यात मोडली. १९७१ साली बर्नार्ड ओव्हर्टन यांनी तिच्यासारखी धातूची करून दिली. त्यातूनच खालच्या सुरातल्या लांब शिट्ट्या, म्हणजे लो व्हिसल, पुढे आल्या.

हे सगळं समजल्यावर आम्ही एक केलं. एका सोमवारी पेटी बंद ठेवून अभंग म्हटला, मग आमचा सा पेटीवर शोधला. तो निघाला काळी चार. पेटीवाल्यांना सवय व्हायला दोन सोमवार लागले. आता मागच्या रांगेतल्या आजीसुद्धा मोकळेपणी गातात.

मैत्रिणींनो, शिट्टीवाल्यांना पट्टी बदलायला दुसरी शिट्टी विकत घ्यावी लागते. आपल्या पेटीला एक पैसाही लागत नाही. फक्त आपण विचारायला हवं. पुढच्या बैठकीत नक्की विचारा.