अकोले तालुका
अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा, सह्याद्रीतील डोंगराळ तालुका. मुख्य ठाणे प्रवरेकाठचे अकोले. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मी.) तालुक्याच्या सीमेवर असून रतनगड व हरिश्चंद्रगड हे किल्ले याच परिसरात आहेत. रतनगडाजवळ उगम पावणाऱ्या प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. पश्चिमेकडील अतिपावसाच्या पट्ट्यात महादेव कोळी व ठाकर शेतकरी खाचरांत भात, तर डोंगरउतारांवर नागली व वरई पिकवतात. पूर्वेकडे पाऊस झपाट्याने घटतो. तेथे ओलिताखाली ऊस व भाजीपाला होतो. देशी बियाणे जतन करणाऱ्या कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांना २०२० चा पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला.